भातकुलीत ब्लॅककरंट

ब्लॅककरंट म्हटलं की आपल्याकडे जांभळं आइस्क्रीम आठवतं. फळ कोणी पाहिलेलं नसतं. मीही ते झाडावर कधी पाहिलेलं नाही, आणि गेली नऊ वर्षं त्याच्यावर पोट भरते आहे. नाशिकजवळच्या एका छोट्या डिस्टिलरीत मी जिन बनवते. जिन म्हणजे थोडक्यात सांगायचं तर बिनवासाचं स्पिरिट घ्यायचं, त्यात ज्युनिपरची सुकी फळं, धणे, संत्र्याची साल असलं काय काय भिजत घालायचं आणि तांब्याच्या भांड्यातून त्याची पुन्हा वाफ धरायची. आमच्या एका जिनमध्ये या सगळ्यांच्या मागे ब्लॅककरंट आहे. लोकांना वाटतं, त्यात फळाचा रस असणार. पण फळाचा रंग आणि आंबटपणा वाफेवर चढतच नाही, खाली बसून राहतो. वर चढतो तो पानाचा आणि कळीचा वास. आमच्या धंद्यातले सभ्य लोक त्याला हिरवा, धारदार वगैरे म्हणतात. खरं सांगायचं तर कुंपणाशी मांजर मुतून गेलं की जो वास मागे राहतो, त्याचा हा चुलतभाऊ. चिमूटभर असला तर जिनमध्ये जीव येतो, जास्त झाला तर तोंड वाकडं होतं. ती चिमूट ठरवणं हे माझं काम.

आणि दीड वर्षापासून तो वास मला येत नाही.

एक ताप आला आणि आठवडाभर चहा, फिनेल, मोगरा सगळं सारखंच लागलं. मग एकेक वास परतला. ज्युनिपर आलं, धणे आले, संत्र्याची साल तर अशी आली की मी प्रयोगशाळेत बसून रडले. ब्लॅककरंटचं पान आलं नाही. डब्यात नाक खुपसलं तरी नुसता सुकलेला पाला. मी कोणाला सांगितलं नाही. ज्याचं पोटच नाकावर चालतं त्यानं हे सांगायचं कसं? जुन्या वहीतली मापं होती, त्यावर काम रेटलं. आणि श्रद्धा होती. श्रद्धा माझ्याच वयाची, आमची प्रयोगशाळा सांभाळते. नवा घाणा निघाला की मी ग्लास तिच्यापुढे धरायची, म्हणायची "बघ गं जरा", आणि तिच्या भुवया कुठे जातात ते चोरून बघायची. मग मोठ्या थाटात निकाल द्यायची. असं दीड वर्ष.

यंदा परदेशातून आलेली गोठवलेली फळं वाटेत वितळून, आंबून हातात पडली. पानं तर आलीच नाहीत. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, वैतागले. म्हणाले, "संक्रांतीपर्यंत इथलंच काहीतरी शोध. नाहीतर ही जिन बंद करू." ती जिन बंद म्हणजे माझं टेबल बंद, हे ते म्हणाले नाहीत, पण मला ऐकू आलं. तेव्हा श्रद्धाच बोलली. ती मूळची भातकुलीची, अमरावतीजवळची. "मॅडम, आमच्याकडे अंबाडीची भाजी चुलीवर चढली की डिट्टो हाच वास येतो." मी मान डोलावली, जशी काही मला तो आठवतोच आहे. ती सोबत यायला तयार होती. मी म्हटलं, नको, तू इथलं बघ. ती शेजारी असती तर पहिल्याच घरात माझं पितळ उघडं पडलं असतं.

बडनेरा, भातकुली

गाडीत मला बसवेना. आधीच मी एका जागी टिकणारी बाई नव्हे, त्यात हे. शेगावला कचोरी घ्यायला खाली उतरले, आणि विक्रेता कागद शोधेपर्यंत गाडी हलली. हातात गरम कचोरी, खांद्याला पर्स, आणि मी धावतेय. कोणीतरी दंडाला धरून आत ओढलं. तो डबा माझा नव्हता. आतल्या आत जायला वाट नव्हती म्हणून अकोल्यापर्यंत दारातच उभी राहिले. माझ्या बॅगेत ब्लॅककरंटच्या पानांचं शेवटचं पाकीट होतं, आणि ती बॅग चार डबे पुढे एकटी. कचोरी कशी होती ते विचारू नका, मला समजलं नाही.

बॅग जागेवर होती. बडनेऱ्याला उतरून मी भातकुलीची वाट धरली. डिसेंबर संपत आलेला. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, पऱ्हाटीवर उरलासुरला कापूस, मध्ये तुरीचे पट्टे. आमच्याकडे नाशिकला जमीन चढते उतरते, डोळ्याला अडवायला डोंगर असतो. इथे अडवायला काही नाही. नजर जाते ती जातेच, आणि माझ्यासारखीला त्यानं जास्तच अस्वस्थ व्हायला होतं.

श्रद्धाची मामी, सुनंदामामी, दारातच उभ्या होत्या. पंचावन्नच्या असतील, काटक, कपाळावर मोठं कुंकू. आमच्याकडे पाहुणा आला की आधी चहा टाकतात. मामींनी पाण्याचा तांब्या दिला आणि थेट ताट मांडायला घेतलं. मी म्हटलं, "मामी, आधी जरा अंबाडी बघू या का?"

"अंबाडी कोठी पळून राहिली ताई? जेवान करा आदी."

तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, ठेचा. ठेच्याला हात लावला आणि कानातून धूर निघाला. मामा समोर जेवत होते, त्यांनी माझ्याकडे बघून मुकाट्यानं गुळाचा खडा पुढे केला. जेवण होईपर्यंत मामींनी एक प्रश्न विचारला नाही. ताटं उचलली, पदर खोचला आणि मग समोर येऊन बसल्या.

"शद्दी म्हनत होती, दारूत टाकासाठी पायजे तुमाले."

"हो मामी. जिन म्हणतात तिला."

"जिन म्हना नाही त काही म्हना. दारूच ते."

मी म्हटलं, दारूच. खोटं बोलायला जागाच नव्हती. पुण्यामुंबईला हाच प्रश्न चार वेळा वळसे घालून विचारला असता. मी घाईघाईनं भाव विचारला, म्हटलं पानांचे योग्य ते पैसे देऊ. हे चुकलंच. मामींचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या घरात चपला घालून शिरले होते.

"अंबाडी कोनी विकते का?" त्या म्हणाल्या. "धुऱ्यावर, बांधावर लावतो आमी बाया. वावरातला कापूस याइचा," त्यांनी मामांकडे मान केली, "धुऱ्यावरची अंबाडी आमची. ज्याले लागते तो तोडून नेते. तिले मोल नसते अन् कोनाले नाही बी म्हनता येत नाही."

म्हणजे त्यांना मला नाही म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. मला लाज वाटली. मी काही बोलायच्या आतच त्या उठल्या. "नेजा. पन दारूत टाकसान तवा मले सांगू नका."

चुलीपाशी

संध्याकाळी त्यांनी मुद्दाम माझ्यासाठी भाजी केली. शेंड्याची पानं खुडली, धुतली, पातेल्यात उकळायला ठेवली. ही भाजी आधी उकळून तिचं पाणी काढून टाकतात, नाहीतर आंबटपणानं दात आंबतात. पाण्याला कढ आला तशी मी उठून चुलीजवळ गेले. मामींनी झाकण उचललं.

अंगणात मामा खाटेवर पडले होते. ते तिथून म्हणाले, "आज अंबाडी हाय वाटते."

वीस पावलांवर झोपलेल्या माणसाला वास गेला. मी पातेल्यावर वाकले होते. चेहरा भिजेपर्यंत वाफ घेतली. गरम, आंबट, ओलसर वाफ, एवढंच. बाकी काही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं.

"येते का तसा वास?" मामींनी विचारलं.

"अगदी तोच," मी म्हणाले.

दीड वर्षात हे खोटं मी इतक्या वेळा बोलले होते की जिभेला सवय झाली होती. पण त्या स्वैपाकघरात ते बोलताना मी मामींकडे बघितलं नाही. मामी पळीनं भाजी घोटत म्हणाल्या, "शद्दीचं नाक लहानपनापासून लय तेज. दूध फाटाच्या आदी सांगे, मामी आज दूध जाते. अन् जायेच." मी म्हटलं, हो, हुशार आहे ती. आणि मनात आलं, श्रद्धानं माझ्याकडे बघून काय काय ओळखलं असेल.

भाजीत तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, आणि वरून लसणाचं कडकडीत तेल. इतकी चांगली अंबाडी मी जन्मात खाल्ली नव्हती. दोनदा मागून घेतली. खाताना डोळ्यांत पाणी येत होतं आणि मामी म्हणत होत्या, तिखट झालं का.

धुऱ्यावर

सकाळी उजाडताच मी वावरात हजर. मामी मागून आल्या. अंबाडी माझ्या खांद्यापर्यंत वाढलेली, तांबडे देठ, लालचुटूक बोंडं. आमच्याकडे हिची जुडी बाजारातच दिसते, उभं झाड मी पहिल्यांदा पाहिलं. बोंडांचं सरबत करतात, गूळ घालून भाकरही करतात, मामी सांगत होत्या. मला पानं हवी होती. हातात येतील तशी मी ओरबाडत सुटले.

"एवढी काहून घाई करून राहिल्या जी?" मामी म्हणाल्या. "कोनी मांगं लागलं का?"

मी हसून वेळ मारून नेली. पिशवी भरून बोअरच्या पाण्याखाली धरणार, तर त्यांनी हात धरला. हा सगळा खारपाणपट्टा आहे, जमिनीतलं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही आणि पानाचा वास मरतो. नळाच्या पाण्यात त्यांनी स्वतः पानं धुतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली.

खरं म्हणजे इथे काम संपलं होतं. पानं घेऊन मी नाशिकची गाडी पकडायची, तिथे वाफ धरायची. पण तिथे श्रद्धा होती, दादा होते, आणि त्यांच्यासमोर पहिला वास मी घ्यायचा होता. तो दिवस मला दोन दिवस पुढे ढकलायचा होता, नाहीतर कुठेतरी आधीच उत्तर मिळवायचं होतं. मी मामींना विचारलं, इथे कोणी अर्क काढणारं आहे का.

"अकोल्याले हाय ना. मायं माहेर अकोल्याचं. जुन्या शहरात रशीदभाईचं दुकान हाय, अत्ताराचं. लेकराइचं पोट दुखलं का सोपेचा अर्क आमी तिथूनच आनतो." सोप म्हणजे बडीशेप. मग बजावल्यासारखं त्या म्हणाल्या, "पान्यात काढते तो. दारूत नाही."

निघताना त्यांनी माझी ओटी भरली. नारळासोबत वाळलेली बोंडं घातली, मूठभर. मी वाकले, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचा जीव कशात तरी अटकला हाय ताई. काय ते सोडवून घ्या." मी बोंडं पर्समध्ये ठेवली आणि बस गाठली.

अकोला, जुने शहर

बसनं अकोल्याला पोचायला दुपार झाली. मोर्णा नदी ओलांडून रिक्षा जुन्या शहरात शिरली आणि एका बोळाच्या तोंडाशी थांबली, पुढे जाईना. रशीदभाईंचं दुकान बोळात आत होतं. बरण्या, मुळ्या, साली, हिरड्याची पोती, आणि मागे एका पडवीत अर्क काढायची तांब्याची डेग. सत्तरीचे रशीदभाई, मेंदी लावलेली दाढी, चश्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. सुनंदाचं नाव काढताच म्हणाले, "बसा बसा. आमच्या मोहल्ल्यातली बेटी ते. तब्येत कशी हाय तिची?"

मी कोण, काय हवंय, सगळं सांगितलं. जिनचंही सांगितलं, एका दिवसात शहाणपण आलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"थैलीत दारू हाय का आता?"

होती. नमुन्याची छोटी बाटली.

"मंग थैली पायरीवर ठेवा. चोरी नाही होत. इथं दवाईचा अर्क असते, त्याच्याजवळ नको. पानाचा अर्क मी काढून देतो, पान्यात. पुढं तुमी अन् तुमचा खुदा."

बॅग पायरीवर गेली, त्यातून फक्त अंबाडीची पानं आणि ब्लॅककरंटचं पाकीट आत आलं. मी म्हटलं, दोन्ही पानांचे अर्क वेगवेगळे काढा, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील. त्यांनी दोन लहान डेगी लावल्या. झाकणं कणकेनं लिंपली, नळ्या थंड पाण्यातल्या भांड्यात सोडल्या, खाली लाकडाचा बारीक जाळ. आमच्याकडे हेच सगळं असतं, फक्त त्याला घड्याळं लावलेली असतात. रशीदभाई नळीला हात लावून बघायचे आणि एक लाकूड मागे ओढायचे. दोन तास. मी त्या पडवीत किती फेऱ्या मारल्या असतील, सांगता येत नाही. त्यांच्या घरातून चहा आला, मग पुन्हा चहा आला. "मॅडम, तुमी बसा ना," ते म्हणाले, "तुमाले पाहून माही शुगर वाढून राहिली."

अर्क निघाले. दोन्ही पाण्यासारखे स्वच्छ. रशीदभाई आत गेले आणि तीन सारख्या शिश्या घेऊन आले, समोर फळीवर मांडल्या.

"तीन कसे?" मी विचारलं.

"असू द्या. सांगा, कोन कसा हाय."

मी पहिली उचलली. काही आलं नाही. दुसरी उचलली, काही नाही. तिसरी, काही नाही. पण मी नऊ वर्षांची मुरलेली बाई. डोळे मिटले, मान जरा तिरकी केली, आणि म्हणाले, "पहिला सौम्य आहे. दुसरा त्याच जातीचा, जरा हिरवट. तिसरा मात्र फार धारदार, खाली किंचित गोडवा. हा तिसरा माझा ब्लॅककरंट."

रशीदभाईंनी चश्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे बघितलं.

"तिसऱ्यात नळाचं पानी हाय."

बोळातून कोणाची तरी सायकल गेली. मला वाटलं, उठावं आणि पायरीवरची बॅग उचलून सरळ चालू लागावं.

"रागावू नका," ते म्हणाले. "हे मी सगळ्याइलेच करतो. अर्क परखाले कोनी आलं का एक शिशी पान्याची. बापाच्या टाइमपासून हाय दुकानात. लोक येतात, म्हनतात तुमचा गुलाब हलका हाय, केवडा भारी हाय. आदी ग्राहकाचं नाक पाहाचं, मंग त्याचं म्हननं ऐकाचं."

मग मी सांगितलं. ताप, पाला, वही, श्रद्धाच्या भुवया, सगळं. आईला सांगितलं नव्हतं ते अकोल्याच्या एका अत्ताराला, तासाभराच्या ओळखीवर. बोलताना रडले, लपवलं नाही. संपल्यावर रशीदभाई म्हणाले, "मले केवडा येत नाही."

"म्हणजे?"

"जवानीत टायफाड झाला. बाकी सगळं येते, केवडा नाही. चाळीस सालं झाली, केवडा काढतो अन् विकतो."

"मग कळतं कसं?"

त्यांनी आतल्या दाराकडे बघून हाक मारली. "जमीला." त्यांच्या पत्नी आल्या, ओढणीला हात पुसत. ठेंगण्या, गोऱ्या, डोळ्यांत सुरमा. "इनके नाक के बिना मेरी एक शिशी बंद नहीं होती," रशीदभाई म्हणाले. "अर्क काढाचा मी, बूच लावाचं तिनं सांगतल्यावर. हर अर्क. नुसता केवडाच नाही."

"आणि ग्राहकाला माहीत असतं?"

"पाटी थोडीच लावतो? पन कोनी विचारलं त सांगतो. लपवाचं काहून? नाक गेलं, इमान थोडीच गेलं."

जमीलाभाभींनी पहिली शिशी हुंगली. दुसरी हुंगली. पुन्हा पहिली. त्यांनी ना डोळे मिटले, ना मान तिरकी केली. भाजी घेताना बघावं तसं बघितलं. म्हणाल्या, "ये दोनों बहनें हैं. ये वाली," म्हणजे अंबाडी, "जरा तेज मिजाज की है. पर घर एकच." मग तिसऱ्या शिशीकडे हात केला आणि नवऱ्यावर डाफरल्या, "फिर पानी रखा तुमने? मेहमान के सामने?"

अकोला स्टेशन

रात्र लॉजवर काढली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी फलाटावर उभी होते. बॅगेत फडक्यातली पानं आणि बूच लावलेल्या दोन शिश्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. अंबाडीचं पान ब्लॅककरंटच्या जागी चालणार होतं, हे एका खऱ्या नाकानं सांगितलं होतं. आता मी नाशिकला जाऊन म्हणायचं, मी शोधलं. जमीलाभाभी काही तिथे येऊन सांगणार नव्हत्या. पुढची मापं हळूहळू बसवता आली असती, भुवया होत्याच. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि हिशेब जुळवत होते, आणि तो जुळतही होता.

दादांचा फोन आला.

"मिळालं?"

"मिळालं. अंबाडीचं पान."

"शाब्बास. मला माहीतच होतं." आवाज इतका खूश होता की माझाही जीव सुखावला. "वास कसा आहे ते सांग आता. तू म्हणशील ते फायनल. मी आजच कामाला लागतो."

शब्द तयार होते. हिरवा, धारदार, खाली किंचित गोडवा. कालच नळाच्या पाण्यावर वापरले होते.

"दादा, मला माहीत नाही," मी म्हणाले. "मला तो वास येत नाही. दीड वर्ष झालं."

गाडीची घोषणा होऊन गेली. दादा अगदी हळू म्हणाले, "मग दीड वर्ष आपण बाटलीत काय भरत होतो?"

"श्रद्धाच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते."

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"ये तू," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. त्यात राग होता की काय होतं, मनमाडपर्यंत विचार केला. नंतर कळलं, राग होता. चांगला आठ दिवस पुरला.

नाशिक

परत येऊन आता पंधरा दिवस झाले. दादांनी मला काढलं नाही. पण वासाचा निकाल माझ्याकडून काढून घेतला आणि श्रद्धाला दिला. डेग माझ्याकडे, चिमूट तिच्याकडे. हे बरोबर आहे, मी स्वतःच दादांना तसं सुचवलं होतं. तरी रोज सकाळी तिचं टेबल बघितलं की वाईट वाटतं. मोठेपणा आणून सांगण्यात अर्थ नाही, वाईटच वाटतं. श्रद्धाला मी सगळं सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, मला नुसतं विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं ना."

गेल्या मंगळवारी अंबाडीच्या पानांचा पहिला घाणा निघाला. मामींच्या धुऱ्यावरची पानं, आल्या दिवसापासून फ्रीजमध्ये जपलेली. मामींना मी सांगितलेलं नाही, त्यांनी तसंच बजावलं होतं. माप मी ठरवलं होतं, वहीतल्या जुन्या अंदाजानं, आणि मला त्या मापाची पक्की खात्री होती. ज्युनिपर सुरेख आलं होतं, संत्र्याची साल मागून हळूच येत होती. माझ्या नाकाला ती नऊ वर्षांतली सर्वांत स्वच्छ जिन वाटली. मी ग्लास श्रद्धासमोर ठेवला.

तिनं वास घेतला. थोडं पाणी घालून पुन्हा घेतला.

"नाही जमलं," ती म्हणाली. "पान फार झालंय, बाकी सगळ्यांना खाऊन टाकतंय. निम्मं करा."

मी पुन्हा ग्लास नाकाशी नेला. स्वच्छ, सुरेख, संत्र्याचा. वाद घालायला माझ्याकडे नऊ वर्षांचे शब्द होते. मी वही उघडली, त्या घाण्यापुढे 'नापास' लिहिलं आणि सहीसाठी पेन तिच्याकडे दिलं.